पाच : संख्या, रत्न कीं वनस्पति ?

१

जुन्या कागदांत राजाचें, गांवाचें किंवा गडाचें नांव संदिग्ध आलें, तर तें सोडविण्यासाठीं आपण दहा ठिकाणचे दाखले गोळा करतों. परंतु झाडाझुडपाचें नांव संदिग्ध आलें, तर 'कसलीशी वनस्पति' एवढी टीप देऊन पुढें जातों. ही उपेक्षा निरुपद्रवी नाहीं. वनस्पतीचें नांव चुकीचें वाचलें गेलें कीं कधीं पानाफुलाचें मोल रत्नाला चिकटतें, तर कधीं वस्तूच्या जागीं आंकडा येऊन बसतो. आणि एकदां छापली गेलेली चूक पुढील लेखकांच्या भरंवशावर वर्षानुवर्षें टिकून राहते. प्रस्तुत लेखांत अशा एकाच शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द 'पाच'.

या विषयाकडे लक्ष जाण्यास माझीच एक चूक कारण झाली. एका खासगी संग्रहांतील सुटें मोडी पान मीं पूर्वीं नकलून घेतलें होतें. त्यांत देवास लागणाऱ्या पत्रीपुष्पांची यादी होती. मरवा व दवणा यांच्यानंतर 'पाच' एवढाच शब्द होता. मीं तो संख्यावाचक समजलों, त्यापुढील वस्तूचें नांव लेखकाच्या हातून गळालें असावें असें ठरविलें, आणि नकलेंत चौकटी कंसांत 'फुलें' हा शब्द माझ्या पदरचा घातला. पुढें ती नक्कल कोंकणांतील एका वृद्ध गृहस्थांच्या वाचनांत आली. ते म्हणाले, "अहो, येथें कांहींच गळालेलें नाहीं. आमच्या परसांत पाच आहे. दाखवूं काय ?" त्यांनीं विहिरीच्या कडेचें एक पान खुडून हातांत दिलें. तें चुरडतांच जो दाट, मातकट गोडसर वास आला, त्यानें माझा कंस तत्काळ खोडावा लागला.

त्या पानाच्या मालकांची इच्छा नसल्यामुळें त्यांचा किंवा स्थळाचा उल्लेख येथें करीत नाहीं. आणि म्हणूनच त्या पानावर कोणताहि सिद्धान्तहि उभारीत नाहीं. पुढील विवेचन सर्वांस तपासतां येईल अशा साधनांवरच केलें आहे.

२

मराठींत उच्चारानें जवळजवळ एक, पण अर्थानें सर्वस्वी भिन्न असे तीन शब्द आहेत. पहिला संख्यावाचक 'पांच'. हा संस्कृत 'पञ्च' यापासून आला असून मूळ अनुनासिकाची खूण म्हणून जुन्या बाळबोध लेखनांत त्यावर अनुस्वार देत असत. दुसरा 'पाच', म्हणजे मरकत अथवा पाचू हें रत्न. तिसराहि 'पाच'च, म्हणजे एक सुगंधी झुडूप. मराठी कोशांतून या शेवटच्या दोन्ही अर्थांची नोंद एकाच शब्दाखालीं केलेली आढळते.

म्हणजे काळजीपूर्वक लिहिलेल्या बाळबोध पोथींत संख्या एका टिंबानें वेगळी पडते, आणि प्रश्न उरतो तो रत्न व वनस्पति यांच्यापुरता. परंतु आपले बहुतेक हिशेब, यादी व पत्रव्यवहार मोडींत आहेत. मोडींत अनुस्वार बहुधा गाळला जातो व ऱ्हस्वदीर्घाचाहि भेद पाळला जात नाहीं. त्यामुळें तेथें तिन्ही शब्द एकाच रूपानें समोर येतात. मोडीचें बाळबोधांत लिप्यंतर करणारा मनुष्य टिंब देतो किंवा देत नाहीं, तें कागदाच्या आधारानें नव्हे, तर स्वतःच्या समजुतीनें. मूळ कागद पुन्हां न पाहणारा वाचक मात्र तें टिंब कागदांतीलच समजतो.

यांत पुढें आणखी एक भर पडली. १९६२ सालीं शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं व्युत्पत्तीनें सिद्ध होणारे परंतु उच्चारांत स्पष्ट न येणारे अनुस्वार वगळले. तेव्हांपासून 'पांच' हाहि 'पाच' झाला. नित्याच्या व्यवहारांत त्यामुळें कांहीं बिघडलें नाहीं. पण जुन्या ग्रंथांचीं नव्या लेखनपद्धतीनें पुनर्मुद्रणें करतांना बाळबोधांत शिल्लक असलेली ही एकमेव बाह्य खूणहि नाहींशी होते. प्रस्तुत लेखांत जुनें लेखन कायम ठेविलें आहे, त्याचें कारण हेंच.

३

वनस्पतिवाचक 'पाच' शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा जुना आधार नरहरि पंडिताच्या राजनिघंटूंत मिळतो. पुणें येथील आनंदाश्रम संस्थेनें धन्वंतरीय निघंटूसह हा ग्रंथ १८९६ सालीं आपल्या ग्रंथावलींत छापला, व तो संग्राहकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तो वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ग्रंथकार आपणांस काश्मीरचा म्हणवितो. पण वनस्पतींचा उलगडा कर्णाटकी व महाराष्ट्रीय भाषांच्या आश्रयानें केला आहे, असें तो प्रस्तावनेंतच सांगतो. म्हणजे त्याच्या संस्कृत पर्यायांच्या मागें पुष्कळ वेळां मराठी व कानडी शब्द उभे आहेत, हें त्याच्याच तोंडून कळतें.

या निघंटूंत पुष्पवृक्षांच्या वर्गांत 'पाची' हें नांव येतें. त्याचे पर्याय पाहण्यासारखे आहेत : मरकतपत्री, हरितलता, हरितपत्रिका, पत्री, सुरभि, मालारिष्टा आणि गारुत्मतपत्रिका. मरकत व गारुत्मत हीं दोन्हीं पाचूचींच नांवें. तेव्हां 'जिचीं पानें पाचूसारखीं' असा अर्थ दोन वेगवेगळ्या शब्दांनीं सांगितला आहे. हिरवीं पानें तर सहस्रावधि झाडांस असतात. मग याच झाडाच्या वांट्यास पाचूवाचक दोन नांवें कां यावीं? माझ्या मतें याचें उत्तर देशी शब्दांत आहे. ज्या बोलींत या झाडास 'पाच' म्हणत, त्याच बोलींत रत्नासहि 'पाच' म्हणत. निघंटुकारानें देशी नांवास संस्कृत स्त्रीलिंगी रूप देऊन 'पाची' केली, आणि त्याच देशी शब्दाच्या दुसऱ्या अर्थाचें भाषांतर करून मरकतपत्री व गारुत्मतपत्रिका हे पर्याय सिद्ध केले. हें अनुमान आहे. पण ग्रंथकारानें मराठी व कानडीचें ऋण स्वतः मान्य केलेलें असल्यामुळें तें निराधार म्हणतां येत नाहीं.

याच्या उलट, अमरकोशांत मरुबक, फणिज्जक, पर्णास, कठिंजर, कुठेरक, अर्जक अशीं तुळशीच्या कुळांतील सुगंधी झाडांचीं नांवें ओळीनें आलीं आहेत. सुश्रुताच्या सुरसादि गणांतहि सुरसा, फणिज्झक, अर्जक, कुठेरक इत्यादि आहेत. पण या दोन्ही ठिकाणीं पाची नाहीं. मरव्याला व तुळशीला जुनें संस्कृत नांव होतें. पाचेला तें निघंटुकारांनीं देशी भाषेंतून घेऊन दिलें, असाच याचा अर्थ दिसतो.

येथें एक आक्षेप संभवतो. पर्यायांत 'हरितलता' असें नांव आहे, आणि आपण जिला पाच म्हणतों ती वेल नव्हे. मोनियर विल्यम्सच्या १८९९ च्या कोशांत पाची म्हणजे 'एका जातीची लता' एवढाच अर्थ दिला आहे, तोहि या पर्यायाशीं जुळणारा. परंतु संस्कृतांत लता शब्द वेलीप्रमाणेंच बारीक लवचिक फांदीसहि लावतात. पाचेच्या खालच्या फांद्या जमिनीलगत पसरून मग वर उठतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या शब्दाची फारशी अडचण राहत नाहीं. उलट 'पत्री', 'हरितपत्रिका', 'सुरभि' या नांवांवरून पानांसाठींच व वासासाठींच तिचें महत्त्व होतें हें स्पष्ट होतें. आणि 'मालारिष्टा' यांतील माला शब्द तर गजरे-वेण्यांत पाचेचीं पानें ओंवण्याच्या चालीकडेच बोट दाखवितो.

४

आतां शेजारच्या भाषा पाहूं. कानडींत 'पच्चे' म्हणजे हिरवा रंग, आणि पाचू रत्नहि. याच झाडास कानडींत 'पच्चेतेने' म्हणतात. 'तेने' म्हणजे कणीस. अर्थात् हिरवें कणीस. ज्यानें फुललेली पाच पाहिली आहे, त्याला फुलोऱ्याचें हें वर्णन किती यथार्थ आहे तें सांगावयास नको. तामिळांत 'पच्चै' म्हणजे हिरवें व 'इलै' म्हणजे पान. त्यांचा समास 'पच्चिलै'. युरोपांत सुगंधाच्या व्यापारांत रूढ झालेला 'पॅचौली' हा शब्द कोशकार तामिळ शब्दाकडेच नेतात. तेव्हां मराठी पाच, कानडी पच्चे, तामिळ पच्चै व विलायती पॅचौली हीं एकाच द्राविड धातूचीं अपत्यें आहेत, व सर्वांचा मूळ अर्थ हिरवेपणा हाच आहे. रत्न व झाड या दोहोंस एकच नांव पडण्याचें कारणहि यावरून उलगडतें : रत्न झाडावरून किंवा झाड रत्नावरून ओळखलें गेलें असें नसून, दोहोंस त्यांच्या रंगावरून नांव मिळालें.

केवळ नादसाम्यानें मात्र वाहवूं नये. मराठी 'पाचोळा' हा शब्द 'पॅचौली'शीं जोडण्याचा मोह होतो. पण उच्चार जुळणें हा पुरावा नव्हे. तसेंच 'पाचुंदा'. एका कांटेरी झाडासहि हें नांव आहे व कडब्याच्या पांच पेंढ्यांच्या जुडीसहि. या दोहोंचा आपल्या सुगंधी पाचेशीं कांहीं संबंध नाहीं.

५

झाडाची ओळख पटविण्यास शब्दांपेक्षां प्रत्यक्ष झाड पाहणें हेंच खरें साधन. तुळस, मरवा, पुदिना, तुंबा यांचें जें कुळ, त्याच कुळांतील ही वनस्पति आहे. या कुळाच्या खुणा सोप्या आहेत : कोंवळी दांडी चौधारी, पानें समोरासमोर, फुलाच्या पाकळ्या जुळून दोन ओठांसारख्या झालेल्या, आणि फळांत चार बारीक बिया. या खुणा नसतील तर वास कितीहि जवळचा असो, झाड या कुळांतील नव्हे. देवाच्या पत्रींत मरव्याचा नित्य सोबती असलेला दवणा याच कसोटीनें बाहेर पडतो. त्याचीं पानें एकाआड एक व बारीक चिरलेलीं असतात, व तो शेवंतीच्या कुळांतील आहे. मरवा कुळानें पाचेचा सगोत्र खरा. पण तो मूळचा भूमध्यसमुद्राकडील. पाच मात्र आपल्या भूमीची : दक्षिण भारत व श्रीलंका येथील ओलसर रानांत ती आपोआप वाढते, आणि पश्चिम किनाऱ्यावर परसांतून लावलीहि जाते.

ज्या प्रजातींत पाच येते तिला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ देफोंतेन यानें १८१५ सालीं 'पोगोस्टेमॉन' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'दाढीवाला केसर'. या प्रजातींतील फुलांत चार पुंकेसर बाहेर डोकावतात व त्यांच्या दांड्यांवर मध्यभागीं लव असते. भिंगानें पाहिलें तर ही खूण चुकत नाहीं. आपल्या पाचेस जॉर्ज बेंथॅम यानें १८३० सालीं 'पोगोस्टेमॉन हेनिएनस' असें नांव दिलें, तें मद्रासकडे काम केलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. झुडूप दोन ते चार फूट उंच. पानें लांब देंठाचीं, अंडाकृति, टोंकदार, कांठास दातेरी, आणि हातास बहुतेक गुळगुळीत लागणारीं. फुलोऱ्याचें कणीस बारीक असून त्यांतील फुलांचे झुपके एकमेकांपासून तुटक असतात.

या पाचेशीं दोन झाडांचा घोटाळा होतो. पहिलें व्यापारी पॅचौलीचें. त्याची पहिली शास्त्रीय नोंद ब्लांको यानें फिलिपाइन बेटांतून १८३७ सालीं केली. बेंथॅमनें १८४८ सालीं त्यास 'पोगोस्टेमॉन काब्लिन' म्हटलें. मध्यंतरीं १८४५ सालीं पेल्तिये यानें फ्रान्समध्यें त्याच झाडास 'पॅचौली' हेंच शास्त्रीय नांव देऊं केलें होतें, आणि त्या नांवाखालीं पुढें कित्येक वर्षें दोन्ही जाती एकत्र समजल्या जात. काब्लिनचीं पानें दाट मऊ लवेचीं असतात, वास अधिक तीव्र असतो, आणि त्यास फुलें फार क्वचित् येतात. तेव्हां जुन्या मराठी कागदांतील पाच म्हणजे सकृद्दर्शनीं देशी गुळगुळीत पानांचीच समजली पाहिजे. विलायती अत्तराच्या बाटलीवरील नांव तिच्यावर लादूं नये.

दुसरें झाड म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर मुबलक वाढणारा फांगळा. तोहि याच प्रजातींतील व तितकाच उग्र वासाचा. त्याचीं कणसें दाट असून तीं फांद्यांच्या शेंड्याशीं गुच्छानें येतात, आणि दांडी बहुधा जांभळट असते. त्याचें महत्त्व औषधाचें. डायमॉक प्रभृतींनीं १८९० ते १८९३ या काळांत प्रसिद्ध केलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथांत, कोंकणांत फुरसें चावल्यावर फांगळ्याचें मूळ देतात अशी नोंद आहे. त्या उपायाची योग्यता ठरविणें हें आमचें काम नव्हे. पण वैद्यकाच्या बाडांत विषावरील औषधांत आलेलें नांव पाचेचें कीं फांगळ्याचें, हें ठरवितांना ही नोंद उपयोगी पडते. पाच परसांतली व माळेंतली. फांगळा रानांतला व औषधांतला.

६

एकाच खुणेवर विसंबल्यानें काय होतें याचें उत्तम उदाहरण याच झाडाच्या इतिहासांत आहे. काश्मिरी शाली युरोपांत पाठवितांना कसर लागूं नये म्हणून त्यांच्या घड्यांत पॅचौलीचीं वाळलेलीं पानें घालीत. आपणहि पोथ्यांच्या रुमालांत वेखंड घालतों, त्यांतलाच हा प्रकार. त्या वासाची लोकांस इतकी संवय झाली कीं, शाल खरी हिंदुस्थानांतली कीं नकली, हें गिऱ्हाइकें वासावरूनच ठरवूं लागलीं. पिएस या इंग्रज गंधशास्त्रज्ञानें १८५७ सालच्या आपल्या पुस्तकांत ही हकीकत दिली आहे. फ्रान्समधील विणकरांस शालींचें वीणकाम साधलें होतें, वास मात्र साधला नव्हता. अखेर त्यांनीं त्या वासाचें मूळ शोधून काढलें, पानेंच मागविलीं, आणि आपल्या शालींस तो वास लावून त्या अस्सल म्हणून विकल्या.

जीर्ण कागदाचा रंग, शिक्क्याचा ठसा, लेखनाचें वळण यांपैकीं एखाद्याच खुणेवर कागद अस्सल ठरविणाऱ्यानें ही गोष्ट स्मरणांत ठेवावी. जी खूण प्रसिद्ध होते तिची नक्कलहि होते. शब्दाच्या बाबतींत नक्कल करणारा कोणी नसतो हें खरें. पण तेथें आपलीच समजूत आपणांस फसविते.

७

या सर्व विवेचनावरून कागदांतील 'पाच' सोडविण्यास कांहीं साधे नियम सांगतां येतील.

पहिला नियम सान्निध्याचा. हिरा, माणीक, लसण्या यांच्या ओळींत आलेली पाच हें रत्न; मरवा, दवणा, तुळस, शेवंती यांच्या ओळींत आलेली पाच ही वनस्पति. देवस्थानाच्या यादींत दोन्ही येऊं शकतात, कारण देवास दागिनेहि असतात व पत्रीहि. म्हणून यादीचें शीर्षक पाहिल्याखेरीज निर्णय करूं नये.

दुसरा नियम मानाचा. रत्न रतीनें किंवा नगानें मोजतात, पत्री जुडीनें किंवा पैशांच्या मोलानें. पाचेपुढें रती आली तर परसाकडे जाण्याचें कारण नाहीं. जुडी आली तर जवाहिरखान्याचें.

तिसरा नियम विभक्तीचा. 'पांचांचा', 'पांचांस' हीं संख्येचीं रूपें. 'पाचेचा', 'पाचेची' हीं स्त्रीलिंगी नामाचीं. या नियमानें संख्या निश्चित वेगळी पडते. पण रत्न व झाड दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळें 'पाचेची अंगठी' व 'पाचेचीं पानें' यांतील भेद पुढील शब्दावरच ठरतो. तो शब्द फाटला असेल तर पहिल्या दोन नियमांकडे परत यावें.

चौथा नियम संपादकांसाठीं आहे. मोडीवरून नक्कल करतांना मुळांत नसलेला अनुस्वार द्यावयाचा झाल्यास तो कंसांत द्यावा, आणि संख्येनंतर वस्तु नाहीं असें दिसल्यास आपल्या पदरची वस्तु घालण्यापूर्वीं ती 'संख्या'च वस्तु नाहीं ना, हें पाहावें. हा नियम मीं स्वतः मोडून शिकलों आहें.

झाडांच्या नांवांसाठीं आणखी एका साधनाकडे संग्राहकांनीं वळावें, असें सुचवावेंसें वाटतें. डच अधिकारी व्हान रीड यानें मलबारांतील वनस्पतींचा 'हॉर्तुस मलबारिकुस' हा द्वादशखंडात्मक ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत अॅम्स्टरडॅम येथें छापविला. इट्टी अच्युतन् हा मलबारी वैद्य त्याचा मुख्य साहाय्यक होता. त्याच्याबरोबर रंगभट्ट, विनायक पंडित व अप्पू भट्ट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं साहाय्य केलें, आणि १६७५ सालचें त्यांचें कोंकणी भाषेंतील नागरी लिपींत लिहिलेलें प्रमाणपत्र त्या ग्रंथांतच छापलें आहे. चित्राशेजारीं देशी नांव असलेलें इतकें जुनें साधन दुसरें क्वचितच मिळेल. आपल्याकडील वैद्यकाच्या बाडांतील नांवें या चित्रांशीं ताडून पाहण्याचें काम निघंटूंच्या अभ्यासाइतकेंच फलदायी होईल.

शेवटीं विनंति एवढीच. ज्यांच्या संग्रहीं देवस्थानांच्या, वाड्यांच्या किंवा बागांच्या खर्चाचे मोडी कागद असतील, त्यांनीं पत्रीपुष्पांच्या याद्या पुन्हां एकदां काढून पाहाव्या. जेथें 'पाच' आली असेल तेथील मागचे व पुढचे दोन दोन शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि छापील पाठाशीं ताडून पाहावे. असे दहावीस उतारे एकत्र झाले, तर या झाडाचा आपल्या देवघरांतील व बागांतील वावर किती जुना आहे, हें आज निघंटूवरून अनुमानानें सांगावें लागतें तें तारीखवार सांगतां येईल.